उभ्या पोळ्यावरचा नाच

त्या मुलखातली सगळी मोहोळे नाचून बोलत, आणि प्रत्येक मोहोळाचा नाच वेगळा होता.

हा नाच करमणुकीचा नव्हता. फुले कुठे आहेत हे सांगण्याची माश्यांकडे तेवढी एकच रीत होती. झाडाच्या ढोलीत, काळोखात, मेणाचे पोळे उभे टांगलेले असे. फुले पाहून आलेली माशी त्या उभ्या पोळ्यावर सरळ रेषेत चालत जाई आणि चालताना कंबर हलवी. ती सरळ वर चालली तर फुले सूर्याच्या दिशेला. उजवीकडे कलून चालली तर फुले सूर्यापासून तेवढीच उजवीकडे. कमरेच्या एका हेलकाव्याला एक शेत, दोन हेलकाव्यांना दोन शेते. मागे लागलेल्या माश्या तिच्या अंगाला मिशा टेकवून हे समजून घेत, तिच्या तोंडचा एक थेंब चाखत आणि उडून जात. या सगळ्यात डोळ्यांना काहीच काम नसे.

जांभळाच्या ढोलीतले मोहोळ नाचाच्या बाबतीत फार काटेकोर होते, आणि त्याला कारण होते. एका वर्षी कुणा घाईच्या माशीने कल चुकवला आणि तिच्या मागे चाळीस जणी फुलांऐवजी उघड्या कातळावर गेल्या. वारा सुटला. परत आली ती एकच, भारंगी. (त्या मोहोळात माशीने पहिल्यांदा ज्या फुलाचा रस चाखला त्या फुलाचे नाव तिला मिळे.) भारंगीने त्या दिवसापासून एकच ध्यास घेतला: चुकीचा नाच या ढोलीत पुन्हा नाचला जाता कामा नये. तिने शाळा काढली. पुढे सगळे तिला भारंगीबाई म्हणू लागले.

ढोलीच्या तोंडाशी खोडाला एक अळंबी फुटलेली होती. ताटाएवढी रुंद, लाकडासारखी कडक आणि अगदी सपाट. शाळा या ओट्यावर भरे. काळोखात चूक दिसत नाही आणि दिसली नाही तर सुधारता येत नाही, असे भारंगीबाईंचे म्हणणे होते. ओट्यावर लख्ख ऊन होते. बाईंनी परागाच्या पिवळ्या रेघा आखल्या होत्या आणि मुली त्या रेघांवरून नाचत. पाऊल वाकडे पडले की बाई डोक्याने हलकेच ढुशी देऊन थांबवीत आणि नाच पहिल्यापासून सुरू होई. ‘वर म्हणजे सूर्य, कल म्हणजे दिशा, हेलकावा म्हणजे शेत,’ हे मुली एका सुरात म्हणत. बाई सांगतील ते ठिकाण त्या नाचून दाखवीत: पाच शेते, सूर्याच्या डावीकडे. त्या पाच शेतांवर काय आहे हे त्यांनी पाहिलेले नसे आणि विचारायची पद्धतही नव्हती.

सपाट ओट्यावर ‘वर’ नावाची दिशाच नसते, ही गोष्ट इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. मुलींना सूर्य समोर दिसे आणि त्या त्याच्याकडे चालत. शाळा संपवून आत आल्या की पहिले कितीतरी दिवस त्या काळोखात गोंधळत. शाळेत तर येत होतं, असे म्हणून स्वतःलाच दोष देत. मग कधीतरी म्हाताऱ्या माश्यांच्या मागे हिंडून हिंडून त्यांना नाच येऊ लागे, आणि ढोलीत सगळे म्हणत, शाळेचे वळण ते शाळेचे वळण.

अशा मोहोळाकडे ऐन पावसाळ्यात तेवीस परक्या माश्या आल्या. दरीपलीकडच्या कड्यावर त्यांचे झाड होते, ते वादळात पडले. राणी गेली, पोळे गेले. उरलेल्या भिजत, थांबत थांबत इथपर्यंत आल्या. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क आभाळी. तिच्या पंखांच्या कडा झिजून झालरीसारख्या झाल्या होत्या.

राणी याही ढोलीत होती, पण तिला अंडी घालण्यातून सवड नसे. निर्णय म्हाताऱ्या माश्यांचे मंडळ घेई. मंडळाने परक्यांना आत घेतले आणि एक अट घातली. हे वर्ष कारवीचे होते. कारवी सात पावसाळ्यांतून एकदा फुलते. ढोलीतल्या सर्वांत जुन्या माशीनेही तिचे नुसते नाव ऐकलेले होते. ती कुठे फुलेल हे कुणाला माहीत नव्हते. एवढेच माहीत होते की तिच्यामागून लांब, कोरडा हंगाम येतो आणि तेव्हा साठवलेलाच मध पुरवावा लागतो. म्हणून पाऊस उघडल्यानंतर पंधराव्या दिवशी परक्यांची ओट्यावर परीक्षा व्हायची होती. जिला इथला नाच येईल ती राहील. जिला येणार नाही तिने संध्याकाळच्या आत ढोली सोडायची. ढोलीबाहेर एकट्या माशीला थंडीची एक रात्रही काढता येत नाही, हे अट घालणाऱ्यांना माहीत होते आणि ऐकणाऱ्यांनाही.

अडचण अशी की कड्यावरच्या मोहोळाचा एक हेलकावा तीन शेतांचा होता. ती मंडळी लांब उडणारी. सगळा दिवस पोळ्यावर लोळणारा कुर्डू नावाचा नर यावर म्हणाला, “छान झालं. पाहुण्या तीन वेळा कंबर हलवणार आणि नऊ शेतं आपण तुडवायची.”

“तू कधी तुडवलंस रे शेत?” दारावर पहारा करणारी चवर त्याला म्हणाली. “उठ, कूस तरी बदल. खालचं मेण वितळलं.”

दोन सरींच्या मध्ये ऊन पडले की भारंगीबाई परक्यांना ओट्यावर घेत. त्यांनी शिकवण्यात कसूर केली नाही. पण आभाळीचे काही जमेना. दुसऱ्या पावलाला ढुशी, तिसऱ्या पावलाला ढुशी. सरावाची परीक्षा दोनदा झाली, दोन्हीदा ती अडली. दुसऱ्या वेळेनंतर तिने नाचणेच सोडले. बाकीच्या बावीस जणी तिच्याकडे पाहून शिकत होत्या, त्याही मुक्या झाल्या. बाईंनी मंडळाला जड मनाने सांगितले की त्यांच्यात नाच नाही, यापुढे आपला इलाज नाही.

पाऊस उघडला.

ढोलीत कुसरी नावाची एक माशी होती. तिचे काम बाहेरून आलेल्या माश्यांच्या तोंडचा थेंब आपल्या तोंडात घेऊन पोळ्यातल्या मेणाच्या घरात साठवण्याचे. शाळेत ती कधी गेलेली नव्हती. तिच्या वेळी ओट्यावर जागा नव्हती. पण थेंब घेता घेता ती बरेच काही शिकली होती. जिभेवर थेंब आला की तिला फूल कळे, आणि ते ओढ्याच्या अल्याडचे की पल्याडचे, उन्हातले की खडकाच्या सावलीतले, हेही कळे. सकाळपासून कुणी काय आणले ते तिला संध्याकाळी क्रमाने आठवे. याचा कुणाला उपयोग नव्हता. तिला मात्र ते आठवल्याशिवाय चैन पडत नसे.

पाऊस उघडल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिने आभाळीच्या तोंडचा थेंब घेतला. हिरड्याचा रस होता, ओढ्यापलीकडच्या सावलीतल्या हिरड्याचा. कुसरी क्षणभर थांबली. त्याच सकाळी तेरडी नावाच्या म्हाताऱ्या माशीने तेच ठिकाण पोळ्यावर नाचून सांगितले होते. योगायोग असेल, असे समजून तिने थेंब ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी तेरडी सोनकीच्या उतारावरून आली. दुपारी आभाळी सोनकी घेऊन आली, त्याच उताराची. चौथ्या दिवशी पुन्हा तसेच. तेरडीच्या मागे शाळेतल्या दोन पहिल्या नंबरच्या मुलीही गेल्या होत्या. त्यांच्या तोंडी गवतावरचे दव होते.

पाचव्या दिवशी कुसरीने तेरडीला गाठले आणि कुणीच जात नाही अशा एखाद्या जागेबद्दल नाच म्हणून सांगितले. तेरडीने नाही म्हटले नाही. पडक्या बांधामागे तिला एकच रानतिळाचे झुडूप माहीत होते, तेवढे तिने नाचले. कुसरी दारापाशी वाट पाहत राहिली. तिचे लक्ष कशातच लागेना. एकीचा थेंब तिने तोंडात घेतला आणि तो कुठे ठेवायचा तेच विसरली. अखेर आभाळी आली. कुसरीने थेंब पुरता उतरायच्या आतच चव घेतली.

रानतीळ.

कुसरी पोळ्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत भराभर चालत गेली, परत वर आली, आणि पुन्हा खाली गेली. जिला एक पाऊल नाचता येत नव्हते तिला दुसऱ्याचा सगळा नाच समजत होता. किती दिवसांपासून समजत होता कोण जाणे. हे कुणी तपासलेच नव्हते, कारण तपासणी ओट्यावर होती आणि समजणे आत, काळोखात चालले होते.

ती भारंगीबाईंकडे गेली. बाई परागाच्या रेघा नीट करीत होत्या. त्यांनी ऐकून घेतले.

“समजतं म्हणजे काय, कुसरी?” त्या म्हणाल्या. “समजत असेल तर नाचायला काय होतं? मी रोज उभी आहे ना इथे?”

“बाई, तुम्ही पहिल्या दिवशी नाचलात का? अगदी पहिल्या, लहान असताना?”

भारंगीबाई रेघ आखायच्या थांबल्या. आपण जन्मल्यावर मेणाच्या घरातून बाहेर पडून एका म्हातारीच्या पाठीला मिशा लावून किती तरी दिवस नुसत्या हिंडत होतो, हे त्यांना आठवले असावे. त्या इतकेच म्हणाल्या, “मी चुकत असेन तर ते मला मंडळाच्या आधी कळायला हवं. काय करायचं सांग.”

कुसरीच्या डोक्यात ते तयारच होते. शाळेतल्या बारा मुली घ्यायच्या आणि परक्यांपैकी बारा जणी. शाळेतल्यांनी ओट्यावर नेहमीप्रमाणे शिकावे आणि रोज एकदा आत येऊन तेरडीच्या मागे लागावे. परक्यांना शाळा नाही. त्यांनी दिवसभर काळोखात नाचणाऱ्यांच्या मागे हिंडावे, थेंब चाखावा, उडून जावे, परत यावे. नाचायचे कुणी सांगायचे नाही. वाटले तर नाचावे, आणि चुकले तरी मध्येच ढुशी द्यायची नाही. कोण कुठे जाऊन आली ते कुसरी जिभेने ओळखणार होती, आणि जिभेला कुणाची भीड नव्हती. हे सगळे आठ दिवस.

मंडळाने मान्यता दिली. परीक्षेचा दिवस मात्र पुढे ढकलला नाही.

पहिल्या दिवशी परक्यांपैकी पाच जणी ठिकाणावर पोचल्या, शाळेतली एकही नाही. दुसऱ्या दिवशी सहा आणि एक. चौथ्या दिवशी नऊ आणि एक. ढोलीत दुसरा विषय उरला नाही. कुर्डू दारापाशी येऊन बसला आणि आलेली प्रत्येक माशी कोणत्या गटातली ते ओरडून सांगू लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही काम केले. ज्या माश्यांना या प्रकाराशी काही कर्तव्य नव्हते त्याही कुसरीभोवती गोळा होऊन तिच्या तोंडाकडे बघत. ती जीभ फिरवी, थांबे आणि म्हणे, “पोचली.” मग सगळ्या पोळ्यावर गुणगुण उठे.

कुसरीने आपल्या अंदाजाविरुद्ध गेलेल्या गोष्टीही लक्षात ठेवल्या. परक्यांमध्ये कोवळ्या मुली भराभर शिकतील असे तिला वाटले होते. प्रत्यक्षात पहिले काही दिवस आभाळी आणि तिच्या वयाच्याच पुढे होत्या. परक्यांतली एक जण शेवटपर्यंत ठिकाणावर पोचली नाही. का, ते कुसरीला कळले नाही. आणि शाळेतली जी एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून रोज पोचत होती तिचे नाव दीपकाडी. कुसरीने तिला बाजूला घेऊन विचारले. दीपकाडी शाळा सुटल्यावर चोरून काळोखात हिंडत होती. पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली. आत पहिल्याच दिवशी तिला तेरडीचा कल मिशीला लागला आणि ‘कल म्हणजे दिशा’ हे पाठ केलेले वाक्य एकदम आठवले. नेमके कशाकडे लक्ष द्यायचे हे तिला त्या वाक्यामुळे कळले होते. दोन दिवसांत ती परक्यांच्याही पुढे गेली.

हे ऐकून कुसरीची आधी निराशा झाली आणि मग तिला पहिल्यापेक्षा जास्त आनंद झाला. ती धावत ओट्यावर गेली आणि तिने भारंगीबाईंना सांगितले की तुमची वाक्ये फुकट गेलेली नाहीत, ती आत नेली पाहिजेत.

बाईंनी आखायला घेतलेली रेघ पुरी केली. मग त्यांनी विचारले, “तुझ्या बारा जणी नाचल्या का?”

कुसरीला खरे सांगणे भाग होते. सहावा दिवस उजाडला तरी परक्यांपैकी एकीनेही कंबर हलवली नव्हती. परीक्षा समजण्याची नव्हती, नाचण्याची होती.

त्या दुपारी आभाळी नाचली.

कुणी सांगितले नव्हते. ती नऊ शेतांवरच्या एका बहरलेल्या झाडावरून आली होती, पोट भरून वाहत होते आणि सांगितल्यावाचून राहवेना. ती वर चालली, डावीकडे कलली आणि तिने तीन हेलकावे दिले. चवर पहाऱ्यावरून सुटून नुकतीच आत आली होती. ती आणखी तिघींना घेऊन तिच्या मागे लागली. थेंब गोड होता. चौघी उडून गेल्या आणि थोड्याच वेळात तशाच परत आल्या.

“आभाळीताई,” चवर म्हणाली, “तिसऱ्या शेतात एक गाढव चरतंय. त्याच्यात रस काढायचा का?”

पोळ्यावर हशा पिकला. ओट्यावर अशा हशाने आभाळीने नाच तिथेच सोडला असता. इथे कुणी कुणाला दिसत नव्हते, आणि चवर जागेवरून हलली नव्हती. चवरीला त्या थेंबाची चव सोडवत नव्हती. ती पुन्हा गेली, शोधत शोधत पुढे गेली, आणि ते झाड तिला नवव्या शेतात सापडले. परत येऊन तिने ते नाचून सांगितले, नऊ हेलकाव्यांनी. आभाळी तिच्या मागे लागली. ते झाड तिला माहीत होते. तिथवर पंख किती दमतात हे माहीत होते. तेच झाड आता चवरीच्या कमरेतून नऊ वेळा तिच्या मिशांना लागत होते. चवर थांबल्यावर तिने स्वतः नाचायला घेतले. सहा झाले आणि ती थांबली. पुन्हा घेतले, आठ झाले. तिसऱ्यांदा नऊ.

संध्याकाळपर्यंत परक्यांपैकी सात जणी नाचू लागल्या होत्या. सातही जणी चुकत होत्या आणि सातही जणींच्या मागे कुणी ना कुणी होते. इथल्या माश्या रोज दोनदा-तीनदा गाढवाच्या शेतात जाऊन येत. शिव्या देत परत येत आणि पुन्हा मागे लागत, कारण पाहुण्यांच्या तोंडचे थेंब दूरवरचे होते. असे करता करता, आपण काही शिकतो आहोत हे ध्यानीमनी नसताना, त्यांनाही कळू लागले की या माशीच्या कमरेचा हेलकावा दोन्ही बाजूंना लांब पडला तर ती तिच्या मापाने बोलते आहे.

आठ दिवस संपले. मंडळाने कुसरीचे सगळे ऐकले, डोकी हलवली आणि सांगितले की हे फार रंजक आहे, पण परीक्षा ठरल्याप्रमाणे ओट्यावरच होईल.

पंधराव्या दिवशी सकाळी ओटा झाडून स्वच्छ केला गेला. परागाच्या ताज्या रेघा आखल्या. मंडळाच्या पाच म्हाताऱ्या कडेने बसल्या. परक्या माश्या ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा त्या बावीसच भरल्या. आभाळी नव्हती.

ती उजाडताच निघून गेली होती. ओट्यावर आपल्याला काही जमणार नाही हे तिला माहीत होते, आणि बाकीच्यांतल्याही बऱ्याच जणी अडतील असे तिला वाटत होते. संध्याकाळी बाहेर काढल्यावर त्यांना शिरायला कुठली तरी ढोली हवी. ती शोधायला आभाळी दरी ओलांडून आपल्या जुन्या कड्याकडे गेली होती.

पहिली माशी ओट्यावर चढली आणि तिसऱ्या पावलाला अडली. दुसरी रेघेवरून घसरली. मंडळातली एक म्हातारी पुढच्या माशीला बोलावणार तोच आभाळी आली. तिला धड उडता येत नव्हते. अंगावर निळसर जांभळी धूळ होती आणि पोट इतके भरले होते की ती ओट्यावर उतरली नाही, आदळलीच.

कुसरी धावली. तिने थेंब जिभेवर घेतला आणि तशीच उभी राहिली. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय आहे?” मंडळातल्या म्हातारीने विचारले.

“माहीत नाही,” कुसरी म्हणाली. ती भारंगीबाईंकडे वळली. “बाई, मला ही चव माहीत नाही.”

कुसरीला माहीत नाही अशी चव त्या मोहोळात कुणी ऐकलेली नव्हती. सात पावसाळ्यांत एकदाच येऊ शकणारी एकच चव होती. ओट्यावर एकदम गलका उठला. म्हातारीने सगळ्यांना गप्प केले आणि आभाळीला सांगितले की कुठे आहे ते इथे, रेघेवर, नाचून दाखव. म्हणजे परीक्षाही होईल.

आभाळी रेघेवर उभी राहिली. उजेड होता, ओटा सपाट होता, सगळे डोळे तिच्यावर होते. तिने एक पाऊल टाकले आणि ती थांबली.

तेव्हा भारंगीबाई पुढे आल्या. त्यांनी ढुशी दिली नाही. त्या आभाळीच्या आणि मंडळाच्या मधे उभ्या राहिल्या.

“परीक्षा आत आहे,” त्या म्हणाल्या. “या तुम्हीही.” आणि त्यांनी ढोलीच्या तोंडाकडे वळून आभाळीला वाट करून दिली.

काळोखात, उभ्या पोळ्यावर, आभाळी इथल्या मापाने नाचू लागली. वर, किंचित उजवीकडे. एक, दोन, तीन. नऊपर्यंत मागच्यांनी हिशेब धरला. बारापर्यंत चवरीने धरला. पंधराव्या हेलकाव्याला पोळे संपले. आभाळी कडेला येऊन पोचली होती आणि सांगायचे अजून कितीतरी उरले होते. बेचाळीस शेतांचे अंतर त्या ढोलीत कुणी कधी नाचले नव्हते. तेवढे लांब पोळेच नव्हते.

ती परत खाली आली. मग तिने तीच वाट धरली आणि आपल्या आईच्या पोळ्यावर जसे नाचत तसे ती नाचली. चौदा लांब हेलकावे, दर हेलकाव्याला तीन शेते.

मागच्या माश्यांमध्ये कुजबुज झाली. तिने मध्येच माप का बदलले, असे मंडळातली म्हातारी विचारीत होती, पण तिला उत्तर द्यायला कुणी थांबले नाही. गाढवाच्या शेतात जाऊन आलेल्या सगळ्यांच्या मिशा आभाळीच्या पाठीवर होत्या. तिने नाच दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. चवरीने थेंब चाखला, दाराकडे धावली आणि उडाली. तिच्या मागे दीपकाडी. मग दहा, मग शंभर. ओळीत उभ्या असलेल्या बावीस जणी आपली पाळी विसरून आत शिरल्या आणि आपल्या जुन्या कड्याची वाट नाचून सांगू लागल्या. एकेकीच्या मागे इथल्या माश्यांची रांग होती. दुपारी ढोलीत राणी, अंडी, कुर्डू आणि कुसरी एवढेच उरले. कुर्डू दारात उभा राहून कोण आले ते ओरडून सांगत होता आणि कुसरी जीभ भाजल्यासारखी एकीकडून दुसरीकडे पळत होती.

दरीपलीकडचा सबंध कडा जांभळा झाला होता.

संध्याकाळी दारावरच्या पहारेकरणी ठरल्या हुकमाप्रमाणे उभ्या राहिल्या. परक्या माश्या वासावरून ओळखून अडवायच्या होत्या. परतणारी पहिली माशी आली. तिला कारवीचा वास होता. दुसरीलाही तोच. मग पाचशे आल्या. पहारेकरणींनी एकीमागून एक हुंगल्या आणि शेवटी दारातून बाजूला झाल्या. मंडळातल्या पाचही म्हाताऱ्या त्याच गर्दीतून आत आल्या. त्यांच्या अंगालाही तोच वास होता, आणि त्यांनी पहारेकरणींना काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारंगीबाई पहिल्यांदाच कड्यावर गेल्या. परत आल्या तेव्हा त्या फार दमल्या होत्या. त्यांना कड्याच्या पाठीमागे, कालच्या जागेच्याही पलीकडे, आणखी एक जांभळी घळ सापडली होती. इतक्या लांबचे त्यांच्या मापात मावत नव्हते. पोळ्यावर येऊन त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लांब हेलकावा देऊन पाहिला.

तो नीट जमला नाही. कंबर मध्येच इथल्या मापावर आली. सहा हेलकावे लांब पडले की दोन आखूड, कलही जरासा ढळला. त्या थांबल्या, खाली आल्या आणि पहिल्यापासून सुरू करू लागल्या. पुन्हा तसेच झाले.

त्यांच्या पाठीला कुणाच्या तरी मिशा टेकल्या होत्या. झालरीसारख्या पंखांची कड त्यांच्या कुशीला घासून गेली. आभाळी सबंध नाचभर त्यांच्या मागे चालली, कुठे अडली नाही, कुठे हसली नाही. तिने बाईंच्या तोंडचा थेंब चाखला, दाराकडे गेली आणि उडाली. भारंगीबाईंची पावले जिकडे दाखवीत होती तिकडे ती गेली नाही. त्यांना जिथले सांगायचे होते, तिथे ती नेमकी पोचली.